बर्फाळ चंद्रावरच्या जीवखुणा: शाळा-कॉलेजात प्रयोग करताना आधी काय, मग काय

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा चंद्र एन्सेलेडस यांच्यावरचा प्रकल्प असला की त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. बर्फ वितळवलेलं पाणी, त्यात निनहायड्रिन हे रसायन, जांभळा रंग आणि बाजूच्या तक्त्यावर ‘जीवसृष्टीचा पुरावा’. मेहनत खरी असते, पण निष्कर्ष चुकलेला असतो. निनहायड्रिनचा जांभळा रंग फक्त एवढंच सांगतो की पाण्यात मुक्त अमाइन गट असलेलं काहीतरी आहे. ते अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) असेल, साधा अमोनिया असेल किंवा तुमच्या बोटाचा घाम असेल. एन्सेलेडसच्या भेगांतून उडणाऱ्या फवाऱ्यात शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाला अमोनिया आधीच सापडलेला आहे, म्हणजे तिथे नेलेली ही चाचणी जीव नसतानाही जांभळी होऊ शकते.

खाली दिलेली पद्धत, म्हणजे गोठवलेल्या पाण्यातली रसायनं कागदावर ठिपक्यांच्या रूपात वेगळी करून पाहणं (पेपर क्रोमॅटोग्राफी), जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. शाळेतल्या मुलांनी ती विज्ञानाच्या सरांबरोबर किंवा मॅडमबरोबरच करावी, कारण ब्यूटेनॉल आणि ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल मुलांनी एकट्याने हाताळायचं काम नाही. टप्प्यांचा क्रम बदलू नका. यातल्या बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

१. नमुन्याला हात लावण्याआधी निकष लिहा

वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून तीन वाक्यं लिहा: काय दिसलं तर ‘काहीच नाही’ म्हणणार, काय दिसलं तर ‘रसायन आहे, पण जीव लागत नाही’ म्हणणार आणि काय दिसलं तर ‘जीवाशी जुळतं’ म्हणणार. सगळ्या गटाने खाली सही करा. प्रयोग झाल्यावर निकष लिहिले तर ते हमखास निकालाकडे झुकतात.

निकष कशावर ठरवायचे, हे नीट समजून घ्या, कारण सगळा प्रकल्प यावर उभा आहे. अमिनो आम्लं असणं हा पुरावा नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत डझनावारी अमिनो आम्लं निघाली. ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत जीवसृष्टी वापरते त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली आणि डीएनए-आरएनएचे पाचही नायट्रोजनी घटक सापडले. तिथे जीव आहे असं कोणीही म्हटलं नाही. निर्जीव रसायनंसुद्धा अमिनो आम्लं बनवतात.

खूण असते ती प्रमाणात. निर्जीव प्रक्रियेत सगळ्यात सोपा रेणू सगळ्यात जास्त बनतो, म्हणजे ग्लायसिन भरपूर, अ‍ॅलॅनिन त्याहून कमी आणि रेणू जसजसा मोठा तसतसं प्रमाण घटत जातं. सजीव मात्र त्यांना जे लागतं ते बनवतात, मग ते बनवायला कितीही महाग पडो. त्यामुळे ल्यूसिनसारखे मोठे रेणूसुद्धा ठळक दिसतात. एखाद्या घरात नुसतं मीठ सापडलं तर काय शिजत होतं ते कळत नाही. भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या, कांद्याची पात आणि शेंगदाणे शेजारी शेजारी सापडले की भरीतच होतं हे कळतं.

याच जातीच्या आणखी दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे उजवे-डावे रेणू, म्हणजे एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं. पृथ्वीवरच्या सजीवांची प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची असतात. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळजवळ समसमान निघाली. दुसरी म्हणजे मेदाम्लं (तेला-चरबीचे घटक). पेशी कार्बनचे अणू दोन-दोन करून जोडतात, म्हणून १६ आणि १८ कार्बनची मेदाम्लं जास्त आणि १५, १७ ची कमी असतात. निर्जीव प्रक्रियेत असा एकाआड एक चढउतार नसतो. या दोन्ही खुणा आपल्या कागदी पद्धतीने दिसणार नाहीत, आणि हे तक्त्यावर लिहायचंच आहे.

*तपासा:* तुमच्या निकषांत ‘जांभळा रंग आला तर’ असं वाक्य असेल तर ते खोडा. त्या जागी ‘किती ठिपके, कुठे आणि कोणता किती गडद’ असं लिहा.

२. भांडी, हात आणि कागद

युरोपाच्या बर्फाखालच्या समुद्रात पृथ्वीवरचे जंतू जाण्याची शक्यता प्रत्येक मोहिमेमागे दहा हजारात एकपेक्षा कमी असावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकलं, कारण भरकटून ते एन्सेलेडसवर किंवा शनीच्याच टायटन या चंद्रावर आदळायला नको होतं. आपल्याला तेवढं करायचं नाही, पण त्यामागची काळजी तीच आहे.

काचेची भांडी साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने खळबळा, मग डिस्टिल्ड वॉटरने तीनदा खळबळा आणि पालथी घालून वाळवा. फडक्याने पुसू नका. लोणच्याची बरणी वापरायची झाली तर झाकणातली रबरी चकती काढून टाका, तिच्यात तेल आणि वास अडकून राहतो. डिस्टिल्ड वॉटर प्रयोगशाळेतलं घ्या. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलंत तरी काम भागेल, पण ते स्वच्छ आहे की नाही हे कोरा नमुना (ज्यात शोधायचं काहीच घातलेलं नाही तो) सांगेल, बाटलीवरचं लेबल नाही.

क्रोमॅटोग्राफीच्या कागदाला मोकळ्या बोटांनी स्पर्श करू नका. निनहायड्रिन पोलीस कागदावरचे ठसे शोधायला वापरतात. तुमचे ठसेही ते तेवढ्याच इमानाने दाखवेल. हातमोजे घाला, आणि मोबाईल उचलला की मोजे बदला. हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एका वेगळ्या पट्टीवर मुद्दाम अंगठा दाबून ठेवा आणि शेवटी तीही फवारा. ही ‘अंगठ्याची पट्टी’ प्रदर्शनातही लावा.

*इशारा:* उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून नमुना आणावा, असं बऱ्याच जणांना सुचतं, कारण एन्सेलेडसच्या तळाशीही गरम पाण्याचे झरे असावेत असा अंदाज आहे. पण उनपदेवच्या कुंडात माणसं अंघोळ करतात. त्या पाण्यात साबण, घाम आणि त्वचेचे कण असणार. पहिल्या प्रयोगासाठी ते घेऊ नका.

३. चार नमुने, एकच खारं पाणी

कॅसिनीने टिपलेल्या एन्सेलेडसच्या हिमकणांत मीठ आणि सोड्याचे क्षार सापडले. त्याच्या जवळ जाणारं पाणी आपण बनवू शकतो. दर २०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.८ ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. मीठ प्रयोगशाळेतलं घ्या. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन असतं आणि ते मोकळं राहावं म्हणून आणखीही काही मिसळलेलं असतं.

आता चार नमुने:

पहिला कोरा. फक्त खारं पाणी.

दुसरा अमोनियाचा. खाऱ्या पाण्यात १ ग्रॅम नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कॉलेजात नसला तर जुन्या किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात विचारा.

तिसरा अशनीसारखा. २०० मिलिग्रॅम ग्लायसिन आणि ४० मिलिग्रॅम अ‍ॅलॅनिन.

चौथा सजीवाचा. बेकरीला लागणारं १० ग्रॅम ड्राय यीस्ट डिस्टिल्ड पाण्यात १० मिनिटं उकळा, थंड करा, फिल्टर पेपरमधून दोनदा गाळा, पाणी २०० मिलिलिटर भरा आणि मग मीठ-सोडा घाला. रावेर-यावलकडच्या मुलांना केळं वापरायचा मोह होतो. वापरू नका. केळ्यातली साखर कागदावर ओघळासारखी पसरते आणि ठिपके वेगळे होत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. चौथा नमुना उकळलात आणि गाळलात, तर कोरा नमुनाही तेवढाच वेळ उकळायचा आणि त्याच पाकिटातल्या फिल्टर पेपरमधून गाळायचा. कोरा नमुना म्हणजे शेवटी आठवण झाली म्हणून बाजूला ठेवलेलं स्वच्छ पाणी नव्हे. बाकीच्यांच्या वाट्याला जे जे आलं ते सगळं त्याच्याही वाट्याला यायला हवं. दूषितपणा शिरतो तो भांड्यातून, कागदातून, हवेतून. तो कोऱ्या नमुन्यातच पकडता येतो.

नमुने तयार झाले की गटाबाहेरच्या एकाने, प्रयोगशाळा सहायक असतील तर त्यांनी, बाटल्यांवर फक्त आकडे टाकावेत आणि यादी बंद पाकिटात ठेवावी. यीस्टचा नमुना वासावरून आणि रंगावरून ओळखू येतो, म्हणून गोठवणारी मुलं वेगळी आणि कागदावर ठिपके देणारी मुलं वेगळी ठेवा. ठिपके देणाऱ्यांच्या हातात अगदी थोडं पाणी, झाकणाच्या छोट्या बाटलीतून द्या.

*तपासा:* यादी कुणाकडे आहे? उत्तर ‘आमच्याच गटातल्या एकाकडे’ असेल तर आत्ताच बदला.

४. गोठवणं

हा टप्पा बहुतेक जण फ्रीजरमध्ये ठेवलं आणि विसरलं, असा उरकतात. खरं तर बर्फाळ चंद्राचं सगळं रसायन इथेच आहे.

खारं पाणी हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मीठ आणि सेंद्रिय रेणू बाहेर ढकलतात. जे पाणी शेवटी उरतं त्यात सगळं दाटतं. भराभर गोठलं तर क्षार जागच्या जागी अडकतात. एन्सेलेडसच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून उडणारे समुद्राचे तुषार क्षणात गोठतात, म्हणून त्यांच्यात समुद्राचे क्षार टिकून राहतात. युरोपाच्या जाड कवचात मात्र कुठला बर्फ किती हळू गोठला, यावर तिथे काय सापडेल ते अवलंबून आहे. म्हणून ‘बर्फात काही नाही’ हा निष्कर्ष काढण्याआधी तो बर्फ कसा बनला हे माहीत हवं.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. दीडशे मिलिलिटर भाग झाकणाच्या डब्यात भरून, डब्याला बाहेरून कापड गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. हा हळू गोठतो. उरलेला भाग आधी थंड करून ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीत पातळ थरात ओता. तो थोड्याच वेळात गोठतो. ताटलीवर दुसरी ताटली झाका, नाहीतर फ्रीजरमधल्या भाज्यांचा वास आणि कण त्यात जातात.

डब्यातला बर्फ कडेने घट्ट झाला आणि मधे थोडं पाणी हलताना दिसलं की तो बाहेर काढायचा. किती तास लागतील ते तुमच्या फ्रीजरवर आहे, म्हणून चार तासांनंतर तासातासाने पाहा. घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं आणि मिठाचं पाणी पूर्ण गोठायला उणे २१.१ अंश लागतात. त्यामुळे रात्रभर ठेवलं तरी बर्फाच्या शिरांमध्ये थोडं खारं पाणी राहतंच.

*इशारा:* लाईट जाते. बर्फ अर्धवट वितळून परत गोठला तर आतबाहेरचा फरक पुसला जातो आणि बघून ते कळत नाही. पाणी गोठवलेली एक वाटी शेजारी ठेवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं खाली गेलेलं दिसलं तर तो संच टाकून द्या. उन्हाळ्यात प्रयोग करणार असाल तर फ्रीजरपासून टेबलापर्यंत नेण्यासाठी थर्माकोलचा खोका आधीच तयार ठेवा. जळगावला पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर बाहेर ठेवलेला बर्फ तुमची वाट पाहत नाही.

५. बर्फातून पाणी घेणं

आधी मधलं न गोठलेलं पाणी वेगळ्या बाटलीत ओतून घ्या. मग राहिलेल्या बर्फावरून थंड डिस्टिल्ड पाणी झटकन फिरवून ओतून टाका. बाहेरच्या थराला चिकटलेलं खारं पाणी आणि हाताळणीची घाण निघून जाते. युरोपावर वरचा थर टाकून आत जावं लागेल त्याचं कारण वेगळं आहे: गुरूच्या भोवतीचे वेगवान कण वरच्या थरातले रेणू मोडून टाकतात. मग बाहेरचा बर्फ वेगळा वितळवा. ताटलीतला तिसऱ्या बाटलीत.

सगळं एकत्र वितळवणं ही इथली नेहमीची चूक. तसं केलं की गोठवण्याचा टप्पा वाया गेला.

आता टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काढा. आरओ बसवणाऱ्यांकडे असतो तो चालेल. मूळ खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण १४ ग्रॅम क्षार आहेत आणि साध्या मीटरला तेवढं मोजता येत नाही, म्हणून १ मिलिलिटर पाण्यात ९ मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी मिसळून मोजा. मधल्या पाण्याचा आकडा बाहेरच्या बर्फापेक्षा बराच जास्त यायला हवा आणि ताटलीतला मूळ पाण्याच्या जवळ. मधलं आणि बाहेरचं सारखंच आलं तर पुढे जाऊ नका, गोठवणं पुन्हा करा.

६. कागदावर चालवणं

व्हॉटमन क्रमांक १ चा कागद घ्या. खालून २ सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ मारा. पेनाची शाई द्रावकाबरोबर वर चढते. रेघेवर दोन-दोन सेंटिमीटरवर खुणा करा. काचेच्या केशनळीने बारीक ठिपका द्या, वाळू द्या, त्याच जागी पुन्हा द्या. ठिपका मुगाच्या दाण्याहून मोठा नको.

त्याच कागदावर ओळखीची अमिनो आम्लं हवीत: ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन, ल्यूसिन, प्रोलिन. ती साध्या पाण्यात विरघळवू नका, त्याच खाऱ्या पाण्यात विरघळवा. मिठामुळे ठिपके ओढले जातात आणि त्यांची जागा सरकते. ओळखीचे ठिपके गोड्या पाण्यात आणि नमुने खाऱ्या पाण्यात असले, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करत असता. मधलं दाट पाणी तर टीडीएसच्या आकड्यानुसार पातळ करूनच ठिपका द्या.

द्रावक: ब्यूटेनॉल १२ भाग, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल ३ भाग, पाणी ५ भाग. बरणीत १ सेंटिमीटर ओता, झाकण लावून अर्धा तास वाफ भरू द्या, मग कागद उभा सोडा. द्रावक पेन्सिलच्या रेघेखाली हवं. रेघ बुडाली तर नमुना बरणीत गेला. दहा-बारा सेंटिमीटर चढायला काही तास लागतात. मधे झाकण उघडू नका. जवळ गॅस किंवा बर्नर नको, खिडक्या उघड्या ठेवा.

आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ आणि दुपार यांत तापमानाचा मोठा फरक असतो, त्यामुळे ठिपक्यांची जागाही बदलते. पुस्तकातले आकडे नमुन्याशी ताडून पाहू नका. त्याच कागदावरच्या ओळखीच्या ठिपक्यांशीच ताडा.

७. फवारणी आणि वाचन

कागद पूर्ण वाळवा. इथेनॉलमध्ये विरघळवलेलं ०.२ टक्के निनहायड्रिन हलकं फवारा. गॉगल आणि मोजे घाला, फवारा श्वासात घेऊ नका. इथेनॉल उडून गेल्यावर १०० अंशांच्या आसपास पाच मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन नसेल तर हेअर ड्रायर चालेल. अंगठ्याची पट्टीही याच वेळी फवारा.

वाचताना क्रम असा ठेवा:

आधी कोरा नमुना पाहा. त्यात ठिपका दिसला तर बाकी काही वाचू नका. तो संच बाद.

मग ओळखीचे ठिपके. ते वेगळे झाले नसतील तरीही संच बाद.

त्यानंतर आकडे टाकलेले नमुने. प्रत्येकात किती ठिपके, कोणत्या ओळखीच्या ठिपक्याशी जुळणारे, गडद की फिके, हे लिहा. प्रोलिन पिवळा येतो, जांभळा नाही. पिवळा डाग घाण समजून सोडू नका. नवसागराचा रंग फिका येतो. तो दिसलाच नाही तर नवसागर वाढवून पुन्हा करा, कारण जीव नसतानाही रंग येतो हे डोळ्यांनी दिसणं हाच त्या नमुन्याचा उपयोग आहे.

सगळं लिहून, सह्या करून झाल्यावरच पाकीट उघडा.

८. तक्त्यावर काय लिहायचं

पहिल्या पानावरचे निकष समोर ठेवा आणि तेवढंच लिहा. बहुतेक वेळा असं वाक्य होईल: ‘नमुना ३ मध्ये दोनच ठिपके, ग्लायसिन ठळक, याला जीव लागत नाही. नमुना ४ मध्ये अनेक ठिपके, ग्लायसिन सर्वात ठळक नाही. हे जीवाशी जुळतं. उजवे-डावे रेणू आम्ही तपासलेले नाहीत.’ एवढं लिहिणं म्हणजे माघार नव्हे. २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी जीवाच्या पुराव्यासाठी सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी संभाव्य खूण दिसणं, दुसरी तो दूषितपणा नाही हे दाखवणं. त्यापुढे निर्जीव कारणं बाद करणं, दुसऱ्या स्वतंत्र पद्धतीने तीच गोष्ट दिसणं वगैरे येतं. तुमचा प्रयोग नीट झाला तर तुम्ही दुसऱ्या पायरीवर असता, आणि शाळेच्या प्रयोगाने तिथवर जाणं ही मोठी गोष्ट आहे.

चंद्रांविषयी लिहिताना या चुका टाळा:

एन्सेलेडसवर जीव सापडला असं लिहू नका. तिथल्या फवाऱ्यात पाणी, क्षार, मिथेन, हायड्रोजन आणि सेंद्रिय रेणू सापडले आणि २०२३ मध्ये फॉस्फेट सापडल्याचं जाहीर झालं. यावरून तिथे जगता येईल अशी परिस्थिती आहे एवढंच कळतं.

मिथेन म्हणजे जीव असंही नाही. गरम पाणी आणि लोहयुक्त खडक यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन तयार होतो आणि पुढे मिथेनही बनू शकतो.

१४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर यान जीव शोधायला गेलेलं नाही. २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचल्यावर ते युरोपाजवळून ४९ वेळा जाईल आणि तिथे जीवाला पोषक परिस्थिती आहे का ते पाहील. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान २०३१ मध्ये पोहोचेल, त्याचं मुख्य लक्ष्य गुरूचा दुसरा चंद्र गॅनिमीड आहे.

परीक्षक एक प्रश्न बहुतेक विचारतातच: ‘मग जीव आहे की नाही?’ त्याला उत्तर देताना कागदाकडे बोट दाखवा, कोऱ्या नमुन्यापासून सुरुवात करा आणि अंगठ्याची पट्टी दाखवा. पाठ केलेलं भाषण नको.

निनहायड्रिनचे ठिपके काही दिवसांत फिके पडतात. त्याच दिवशी प्रत्येक ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो घ्या आणि कागद वहीत दोन कोऱ्या कागदांमध्ये, उन्हापासून दूर ठेवा. उरलेलं द्रावक बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या बाटलीत भरून, नाव आणि तारीख लिहून प्रयोगशाळा सहायकांकडे द्या.